सायकलचे गिअर ७ चे ९ करायचेत, फ्रेम आणि चाक चालेल का हे आधी कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय, मिस्त्री म्हणतो, "मागचा सेट तेवढा बदलू, फ्रेम अन् चाक तेच राहू द्या, सगळं बसतं." हे "सगळं बसतं" वाचलं आणि राहवलं नाही. याच दोन शब्दांपायी आमच्या घरात दिवाळीपासून वाद चालू आहे.

आधी थेट सांगतो. गिअर वाढवताना सगळं अडतं ते चाकाशी, डिरेलरचं, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचं, नंतर बघा. पैसे मोजण्याआधी मागचं चाक काढा आणि दोन मापं घ्या. मागच्या चिमट्याच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या दोन दांड्यांमधे चाक बसतं त्यांच्या, दोन खाचांमधलं आतून आतपर्यंतचं अंतर, आणि जे चाक बसवायचं त्याच्या एक्सलवर दोन्हीकडं जे लॉकनट असतात त्यांचं बाहेरून बाहेरपर्यंतचं अंतर. दोन्ही सारखी आली पाहिजेत. जुन्या रोड सायकलींना १२० किंवा १२६ मिलिमीटर, नंतरच्या रिम ब्रेकवाल्या रोड सायकलींना १३०, एमटीबी (डोंगरी सायकल) आणि बहुतेक हायब्रिडला १३५. टेप वापरू नका, व्हर्निअर घ्या.

मी वाळूजला कंपनीत क्वालिटी तपासणीत काम करतो, व्हर्निअर रोज हातात असतो. म्हणून माझा भाचा मलाच विचारायचा. तो जालन्याला असतो, अकरावीला. त्याच्याकडं पातळ टायरची, सरळ हँडलची अ‍ॅल्युमिनिअम फ्रेमची सायकल, मागं ७ गिअरचं स्क्रू फ्रीव्हील (दातांच्या चक्रांचा आट्यांवर बसणारा गठ्ठा), १४ ते २८ दातांचं. पोराला आमच्यासोबत म्हैसमाळला यायचं होतं. दौलताबादचा घाट, पुढं खुलताबाद, आणि शेवटचा म्हैसमाळचा चढ. पुढं सगळ्यात लहान चक्र ३४ चं, मागं सगळ्यात मोठं २८ चं, एवढ्यावर त्याला तो चढ जड जात होता. मी त्याला फोनवर सांगितलं होतं की आधी माप पाठव, मग बघू. दाजींनी मधेच फोन घेतला. म्हणाले, "कामून एवढा घोळ घालायलास? मिस्त्री हाय ना, तो बसवतंय सगळं."

९ गिअरची ११-३४ ची कॅसेट (तीही चक्रांचाच गठ्ठा), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर आणि चेन असं सगळं घेऊन झालं, आणि मग कळलं की कॅसेट चाकाच्या त्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, चढतच नाही. चढणार कशी? स्क्रू फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून बसतं आणि कॅसेट फ्रीहबच्या, म्हणजे हबलाच जोडलेल्या नळीच्या, खाचांवर सरकवून. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हे ओळखायला पैसे पडत नाहीत. चाक काढा, दातांची चक्रं उलटी फिरवा आणि मधे पाना बसतो ती खाचांची रिंग बघा. ती चक्रांसोबत फिरली तर कॅसेट, जागेवर थांबली तर स्क्रू फ्रीव्हील. तुमच्या ७ गिअरच्या सायकलीत बहुतेक फ्रीव्हीलच निघेल, म्हणजे मागचा हब बदलणं आलंच. "चाक तेच राहू द्या" हे तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं तिथंच संपलं.

जालन्याच्या मिस्त्रीनं मग कुठल्यातरी हायब्रिडचं जुनं, फ्रीहबचं चाक आणलं. १३५ चं. भाच्याची फ्रेम १३० ची. मिस्त्रीनं टेपनं एक्सल मोजला, तोही टोकापासून टोकापर्यंत. एक्सलची टोकं लॉकनटच्या बाहेर खाचेत जातात, त्या मापाचा इथं काही उपयोग नाही. चाक जाईना म्हणून डावीकडचा एक वायसर काढला, तेवढ्यानंही होईना म्हणून चिमटा हातानं ताणला आणि दाबून बसवलं. बसलं. दाजींचं म्हणणं खरं झालं.

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, कारण मी मागंच होतो. दौलताबादच्या घाटात, चढ सुरू झाल्यावर, पोरानं मागचं सगळ्यात मोठं चक्र टाकलं. डिरेलर आत ओढला गेला आणि चाकाच्या तारांत अडकला. हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, मोडला, तीन-चार तारा गेल्या, पोरगं डांबरावर. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, कारण चढावर वेग नव्हता. हेच उतरताना झालं असतं तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही.

घरी आल्यावर बोलणी कुणाला बसली? पोराला. "तुला गिअर टाकायची अक्कल नाही, एवढं महागाचं सामान मोडलं." चार पाहुण्यांसमोर. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. मला ते सहन झालं नाही, अजून होत नाही. त्यानं गिअर बरोबर वेळी टाकला होता. चढावर मोठं चक्र वापरायचं नाही तर कधी वापरायचं?

मी सायकल अंगणात उलटी केली आणि सगळ्यांसमोर मोजली. फ्रेम १३०. चाक, वायसर काढल्यावर, १३३. उरलेले ३ मिलिमीटर चिमट्यानं सोसले होते. चिमटा ताणला की दोन खाचा एकमेकींना समांतर राहत नाहीत. हँगर उजव्या खाचेलाच लागलेला असतो, तोही तिरका होतो, आणि डिरेलर तारांकडं झुकतो. त्यात डिरेलरला जास्त आत जाऊ न देणारा लिमिट स्क्रू मिस्त्रीनं लावून बघितलेलाच नव्हता. वर, वायसर एकाच बाजूचा काढल्यामुळं चाकाची रिंग डावीकडं सरकली होती आणि डावा ब्रेक घासत होता. तो घासू नये म्हणून ब्रेक ढिला करून ठेवलेला. हे सगळं दाखवल्यावर दाजी म्हणाले, "तीन मिलिमीटरनं काय होतंय?" आमच्याकडं तीन मिलिमीटरनं अख्खा लॉट परत जातो. सायकलवर तर माणूस बसतो.

चाक शेवटी इथं संभाजीनगरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून नीट करून घेतलं. त्यानं डावीकडचे पूर्ण ५ मिलिमीटरचे वायसर कमी केले, वाढलेला एक्सल कापला, आणि उजवीकडच्या तारा आवळून, डावीकडच्या सैल करून रिंग अडीच मिलिमीटर उजवीकडं, म्हणजे बरोबर मधोमध घेतली. ताणलेला चिमटा सरळ आहे का ते बघून घेतलं आणि वेल्डिंगजवळ चीर नाही याची खात्री केली. हँगर मात्र सहज मिळाला नाही. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, मोडका तुकडा हातात घेऊन शोधावा लागतो. भाचा नंतर म्हैसमाळला जाऊन आला, तोच ३४ चा गिअर टाकून.

तुमच्या प्रश्नातलं राहिलेलं. फ्रीहबवाला हब घेताना तो किती गिअरचा आहे ते विचारा. शिमानोच्या पद्धतीचा ८-९-१० चा फ्रीहब एकच असतो. ७ चा त्याहून आखूड, त्यावर ९ ची कॅसेट बसत नाही. ११ गिअरचा रोड फ्रीहब १.८५ मिलिमीटरनं लांब, त्यावर ९ ची कॅसेट लावताना तेवढीच चकती मागं घालावी लागते. चेन ९ ची पाहिजे, ७-८ ची जाड पडते. शिफ्टर ९ चा लागतोच. शिमानोचा ७-८ चा डिरेलर ९ च्या शिफ्टरवर चालतो, पण १० च्या एमटीबी डिरेलरची केबल ओढायची पद्धत वेगळी आहे, तो मिसळू नका.

डिरेलरला सगळ्यात मोठं चक्र किती चालतं आणि त्याची एकूण क्षमता किती, हे दोन आकडे बघा. क्षमता म्हणजे पुढच्या दोन टोकांच्या चक्रांतला फरक अधिक मागच्यांतला. भाच्याचं पुढं ५०-३४ म्हणजे १६, मागं ११-३४ म्हणजे २३, मिळून ३९. रोडचा आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे डिरेलरचा चेन धरणारा खालचा भाग) डिरेलर एवढी चेन ओढून धरू शकत नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो.

पूर्ण चाकच घेणार असाल तर टायरवरचा मिलिमीटरचा आकडा वाचा. २६ ची रिंग ५५९, साडेसत्तावीसची ५८४, २९ आणि ७०० सी दोन्ही ६२२. दुकानात नुसतं "२८" म्हणाले तर थांबा, कारण जुन्या काळ्या सायकलीचं २८ म्हणजे ६३५ आणि हायब्रिडच्या टायरवर लिहिलेलं २८ म्हणजे ६२२. चुकीचं घेतलं तर रिम ब्रेकचे गट्टे रिंगेवर येत नाहीत.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर ७ चे ९ करूच नका, अडचण फक्त चढाची असेल तर. चढ दातांवर निघतो, गिअरच्या संख्येवर नाही. १४-३४ चं ७ गिअरचं स्क्रू फ्रीव्हील मिळतं, ते तुमच्या आहे त्याच हबवर बसतं, शिफ्टरही तोच. डिरेलरला ३४ झेपतं का आणि चेनची लांबी पुरते का तेवढं बघायचं. ८-९ गिअरचं स्क्रू फ्रीव्हील कुणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यात उजवीकडचं बेअरिंग खूप आत राहतं, बाहेरचा एक्सल आधाराशिवाय उरतो आणि वजनानं वाकतो, मोडतोही.

वायसर कमी करायचा उपाय प्रत्येक हबला लागू नाही. डावीकडं तेवढे वायसर असावे लागतात, आणि डिस्क ब्रेकचा हब असेल तर डिस्कच सरकते, तिथं हे चालत नाही. फ्रेम स्टीलची असेल तर थोडं रुंदावता येतं, १२६ चं १३० लोक करतात, पण एकेक बाजू वेगळी आणि हळूहळू. नंतर एका खाचेतून दोरी काढून फ्रेमच्या पुढच्या, हँडल ज्यात बसतं त्या पाइपावरून फिरवून दुसऱ्या खाचेत बांधायची आणि सीटच्या पाइपापासून दोरीचं अंतर दोन्हीकडं मोजायचं. सारखं आलं तरच चाक चढवा. अ‍ॅल्युमिनिअमच्या चिमट्याला हा उपाय नाही, दाजी काहीही म्हणोत.