पाकट गळाला लागलं तर

(गळाने मासेमारी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात नाशिकमधले गळ-रॉडच्या सामानाचे एक जुने दुकानदार.)

प्रश्न : आम्ही मित्र नाशिकहून जव्हारमार्गे डहाणूच्या किनाऱ्यावर रॉड घेऊन जातो. एरवी आमचा सराव गंगापूर धरणावरचा. मागच्या खेपेला रात्री एकाच्या हुकाला भलंमोठं पाकट (स्टिंग रे, शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) लागलं. दोघांनी मिळून वाळूवर ओढलं. शेपटी फटकारत होतं, हुक निघेना. फोटो काढले आणि शेवटी शेपटीला धरून पाण्यात ढकललं. असं पुन्हा झालं तर काय करावं? – एक वाचक, सिडको

उत्तर : तुम्ही ते सोडायचं ठरवलंत, हे मला फार आवडलं. पण ज्या पद्धतीने सोडलंत, त्यात ते जगण्याची शक्यता कमी होते आणि तुमच्यापैकी एखादा दवाखान्यात जायची शक्यता वाढते. धरणावरची सवय समुद्रावर नेली की असं होतं. रोहू, कटला जाळीत घ्यायचा, काठावर आणायचा, दोन्ही हातांवर धरून फोटो काढायचा आणि परत सोडायचा, ही आपल्याकडची रीत. पाकटाला ती चालत नाही.

पाकटाला हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा. आतड्या-काळजाला आधार देणारा बरगड्यांचा पिंजराही नसतो. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर आणलं की त्याच्याच वजनाने आतले अवयव दबतात. कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात, त्यामुळे ओढत आणलं की त्यांत वाळू जाते. डोळ्यांच्या मागे दोन भोकं दिसतात ना, तळाशी बसलेलं असताना ते त्यांतून पाणी आत घेऊन श्वास घेतं. ती बोटं घालून उचलायला सोयीची वाटतात आणि बरेच जण तसंच उचलतात. कृपा करून तसं करू नका. शेपटीला धरून ओढल्याने कण्याला इजा होते, ती वरून दिसत नाही.

आता काट्याबद्दल. माझं आजोळ सातपाटीचं. मामाने दिलेला एक वाळलेला काटा मी दुकानात काउंटरखाली ठेवला आहे. समुद्राचं सामान घ्यायला नवीन माणूस आला की आधी तो काटा त्याच्या हातात देतो. टोकाकडून मुळाकडे बोट फिरवलं तर सरकतं, मुळाकडून टोकाकडे फिरवलं की जागच्या जागी अडतं, कारण दोन्ही कडांचे दाते मागे वळलेले असतात. म्हणून तो आत सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडतो. खालच्या बाजूला दोन बारीक खाचा आहेत. जिवंतपणी विष तयार करणाऱ्या पेशी त्यांत असतात आणि वरून पातळ सालीचं आवरण असतं. लोकांना वाटतं काटा शेपटीच्या टोकाला असतो. तसं नाही. तो बुडख्यापासून मध्यापर्यंत कुठेतरी असतो, काही जातींत तर अगदी बुडख्याशी. आणि पाकट शेपटी पाठीवरून पुढेही मारू शकतं. त्यामुळे 'मी तोंडाकडे उभा आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. हातमोजे, गमबूट घाला, पण काटा त्यांतूनही आरपार जातो हे लक्षात ठेवा.

आता करायचं काय, तर मोठं पाकट पाण्याबाहेर आणायचंच नाही. पाठ जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात त्याला येऊ द्या. एकाने रॉड धरून लाइन ताठ ठेवावी. दुसऱ्याने पुढच्या बाजूने, तिरकं, शेपटीच्या टप्प्याबाहेर राहून लांब दांड्याच्या कटरने लाइन कापावी. तोंड पोटाखाली असल्यामुळे हुक दिसणार नाही. तो शोधायला हात खाली घालू नका. लाइन तोंडापाशी जितकी आखूड कापता येईल तितकी कापा, कारण मागे लोंबणारी लांब लाइन दगडात अडकते किंवा त्याच्याच अंगाला गुंडाळते. हुक आत राहिला तरी चालेल, फक्त तो स्टेनलेसचा नसावा. साधा पोलादी हुक खाऱ्या पाण्यात गंजतो, स्टेनलेसला त्यापेक्षा खूप वेळ लागतो. मी पाकटाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्याला स्टेनलेस हुक विकत नाही, मागितला तरी.

तसे तुमचे बरेचसे निर्णय नाशिकमध्येच, सामान भरताना होतात. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर हुक) घ्या, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. फक्त मासा ओढू लागला की झटका न देता लाइन हळूहळू ताठ करायची, नाहीतर सर्कल हुकाचा उपयोग नाही. हुकाचा उलटा दाता पक्कडीने चेपून टाका. लाइन जाड घ्या. बारीक लाइनवर मोठा मासा खेळवण्यात मर्दुमकी आहे असं मानणारे आहेत, पण तासभर दमवलेलं पाकट सोडलं तरी त्याच्यात पोहून जायचा जोर उरत नाही. ते तळाला चिकटून बसलं तर वर उचलायच्या फंदात न पडता बाजूला सरका आणि तिरका ताण द्या. एक कड सुटली की ते हलतं.

ताटाएवढं लहान पाकट असेल तर मोठ्या जाळीत, पाण्यातच, उताणं करून हुक काढता येतो. आधी शेपटीच्या बुडख्यावर ओला जाड टॉवेल टाका. शेपटी किंवा काटा छाटायची गरज नाही. काटा पाकट पुन्हा उगवतं, शेपटी नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बऱ्याच जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणजे तुमच्या हुकाला लागलेलं सगळ्यात मोठं पाकट मादी असण्याची शक्यता जास्त. ही पाकटं अंडी टाकत नाहीत, जिवंत पिल्लं देतात, तीही थोडीच. गाभण मादी पकडली, ओढली की धसक्याने पिल्लं अर्धवट टाकू शकते. वाळूवर असं पाहिलंत तर फोटो थांबवा, आईला आधी पाण्यात सोडा.

प्रश्न : मुलगा दर हिवाळ्यात केळव्याला मासे धरायला जातो. पाकटाचा काटा लागला तर तिथेच काय करावं? हळद किंवा चुना भरावा का? – एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, हळद नको, चुना नको, वर दोरीही बांधू नये. पाण्यातून बाहेर यायचं, जखम स्वच्छ पाण्याने धुवायची, रक्त वाहत असेल तर दाबून धरायचं. मग जखमेचा भाग गरम पाण्यात बुडवून ठेवायचा. पाणी 40 ते 45 अंश असावं, अर्धा ते दीड तास, निवलं की पुन्हा गरम घालून. उष्णतेने विषातली प्रथिनं बिघडतात आणि वेदना उतरते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या माणसाने किंवा जखम नसलेल्या हाताने तपासावं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. म्हणून चहाच्या थर्मासबरोबर नुसत्या गरम पाण्याचा एक मोठा थर्मास गाडीत असू द्या.

नंतर डॉक्टरकडे जायचंच, दुखणं थांबलं तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, काट्याचा तुकडा आत राहिला का ते एक्स-रेत बघावं लागतं. 'नाशिकला पोचल्यावर दाखवू' असं म्हणत रात्रीचा जव्हारचा घाट चढू नये, पालघरलाच दाखवावं. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो उपसू नका, तसाच ठेवून तातडीने रुग्णालय गाठा. टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारे ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन 2006 मध्ये छातीत काटा लागूनच गेले.

काटा बहुतेकदा हुकाला लागलेल्या पाकटाचा नसतो, वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडल्याने लागतो. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी अनेकांना असेच काटे लागले. उथळ पाण्यात पावलं उचलून टाकू नयेत, वाळूवर घासत चालावं. पाय लागायच्या आत पाकट निघून जातं.

प्रश्न : पाकट पकडणं कायद्याने गुन्हा आहे का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : सगळीच पाकटं नाहीत. सातपाटीच्या बाजारात पाकट विकलं जातं, खाल्लं जातं. पण करवतमासा आणि पाठभर काटे असलेलं काटेरी पाकट यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली संरक्षण मिळालं. असा प्राणी जाळ्यात आला आणि कोळ्याने जाळं कापून सोडला तर राज्याच्या वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतो. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ जपून ठेवावेत. आपल्यासारख्या हौशी माणसाचं नुकसान फार तर एक हुक आणि हातभर लाइन. ओळख पटत नसेल तर लाइन कापून मोकळं करा.