ईस्टर रविवारी दुपारीच संपतो का?

प्रश्न : आमची मुले ६ आणि ११ वर्षांची आहेत. दर ईस्टरला रंगीत अंडी, चॉकलेट, नवे कपडे असे सगळे होते. पुनरुत्थानाचा विषय मात्र उपासनेपुरताच राहतो. घरी नेमके काय करावे?

उत्तर : सगळ्यात आधी ईस्टरच्या आदला शनिवार रिकामा ठेवा. शुक्रवारी रात्रीच सजावट आणि खाऊ सुरू झाला, की मुलांच्या लेखी प्रभू मरतो न मरतो तोच उठतो. कबरेबाहेरची ती वाट पाहणे त्यांच्या वाट्याला येतच नाही. त्या दिवशी येशूबरोबरच्या स्त्रियाही स्वस्थ राहिल्या होत्या (बायबल, लूक २३:५६). टेबलावर एक न पेटवलेली मेणबत्ती ठेवा, भेटी कपाटात राहू द्या. “आज काहीच नाही?” असे मूल विचारेल. त्याला सांगा, शिष्यांनाही त्या दिवशी पुढचे काही ठाऊक नव्हते.

गुरुवारी पाय धुवा (योहान १३:१–१५). एक पसरट भांडे, कोमट पाणी आणि पंचा पुरतो. आधी आईवडिलांनी मुलांचे पाय धुवावेत. आधी मुलांना बसवले तर ती वडीलधाऱ्यांची सेवा होते, आणि प्रसंगाचा अर्थच उलटतो. इथे गुरू शिष्यांपुढे वाकला आहे. मुले खिदळली तर रागावू नका, संकोच येशूचा शिष्य पेत्र यालाही वाटला होता.

शुक्रवारी मोठ्याबरोबर मार्क १५ पूर्ण वाचा. धाकट्यासाठी २१ ते ३९ वचने पुरेत. खिळ्यांचे, रक्ताचे वर्णन पदरचे वाढवू नका. मार्कने वधस्तंभावर खिळण्याची गोष्ट जेमतेम एका वाक्यात सांगितली आहे, तोच संयम मुलांसाठी योग्य.

रविवारी पहाटे घरातले दिवे न लावता जमा, एका छोट्या बॅटरीवर योहान २०:१–१८ वाचा. प्रभू मरीयेला नावाने हाक मारतो, त्या वचनाला मेणबत्ती पेटवा. एकाने “ख्रिस्त उठला आहे!” म्हणावे, बाकीच्यांनी “खरोखर उठला आहे!” भेटी त्यानंतर.

खरी गळती इथून पुढे होते. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे ४० दिवस आपण मनापासून पाळतो. पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) चालणारा ईस्टरचा काळ ५० दिवसांचा असतो, तो मात्र सोमवारीच विसरतो. तीच मेणबत्ती रोज रात्री जेवताना दहा मिनिटे लावा. ५० रात्रींची ५०० मिनिटे होतात, म्हणजे आठ तासांहून जास्त, तेव्हा बारीक मेणबत्ती पुरणार नाही. फार जाडही नको: थोडाच वेळ पेटवल्याने मधोमध खड्डा पडतो आणि वात मेणात बुडते.

पुढच्या रविवारी पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट वाचा (योहान २०:२४–२९), कारण ती घडते आठ दिवसांनीच. त्यानंतरच्या रविवारी अम्माऊस गावाची वाट, जिथे उठलेला प्रभू दोन शिष्यांबरोबर चालतो (लूक २४:१३–३५). ती चालत ऐकावी, इतकी छान आहे! २७ व्या वचनापर्यंत बाहेर फिरताना सांगा, उरलेली घरी भाकर मोडताना. चौथ्या रविवारी किनाऱ्यावरची न्याहारी (योहान २१:१–१४). तिथे जाळ्यात सापडलेले १५३ मासे मुले विसरत नाहीत.

प्रश्न : मग अंडी बंदच करावीत का?

उत्तर : मुळीच नाही. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, म्हणून ईस्टरला ती आनंदाने परत येत. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्या ती ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून लाल रंगवतात. कवच म्हणजे बंद कबर. एवढे सांगून मगच अंडे मुलाच्या हाती द्या. घरी रंगवायची असतील तर फ्रिजमधले थंड अंडे गरम रंगात टाकू नका, ते तडकते. अंडी लपवण्याचा खेळ खेळत असाल तर उघडणाऱ्या प्लास्टिकच्या अंड्यांपैकी एक मुद्दाम रिकामे ठेवा. ते ज्याला सापडेल, त्याने कबर रिकामी का होती ते सगळ्यांना सांगावे.