पाठ बरी झाली, पण वाकायची भीती काही जात नाही

"ताई, जिममध्ये कंबरेत उसण भरली होती, आता डॉक्टर म्हणतात बरा झालास, पण काही उचलायला वाकलो की घाम फुटतो, हे असंच राहणार का?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि विचारताना थोडे लाजतात पण, म्हणून कोथरूडच्या एका मुलाचा अनुभव सांगते. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिशीला टेकलेला, हिंजवडीत नोकरी, जिमचं भारी वेड. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार वाकून उचलायचा व्यायाम, तो करताना शेवटच्या खेपेला पाठ गोल झाली, कंबरेत सणकन कळ आली आणि बार हातातून सुटला. पुढचे काही दिवस कूस बदलतानाही ओरडायचा. आईचा शेक, आजीचं तेल, शेजारच्या काकांचा कंबरपट्टा, सगळं झालं. स्नायू ताणला गेला होता, फिजिओने व्यायाम दिले आणि दीडेक महिन्यात दुखणं बऱ्यापैकी गेलं. अशी साधी लचक बहुतेकांची तेवढ्या काळात बरी होतेच, आणि पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं हिंडतंफिरतं राहिलं तर लवकर होते.

पण माझ्याकडे आला तो पाच महिन्यांनी, आणि खुर्चीत असा बसला की जणू पाठीत पट्टी घातलीय. बुटाची लेस बांधायला स्टूल, लॅपटॉपची बॅग मित्राकडे, अर्धी बादलीसुद्धा उचलायची नाही. मी विचारलं पर्वतीवर जातोस का, तर म्हणाला हो, दर रविवारी, त्याचं काही वाटत नाही. म्हणजे १०३ पायऱ्या चढून उतरणारी पाठ अर्ध्या बादलीला घाबरत होती, आणि हे त्याच्या स्वतःच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोबत एमआरआयचं मोठं पाकीट. रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' असं होतं, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, आणि ते वाचून हा रात्र रात्र नेटवर शोधत बसलेला. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते ऐकूच येत नाही. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन पाहिले होते, त्यांच्यात तिशीतल्या साधारण ४० टक्के लोकांच्या डिस्क बल्ज निघाल्या. हे आम्ही दोघांनी शांतपणे वाचलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे हे आधीपासून पण असू शकतं?" असू शकतं ना.

खरी गोष्ट मात्र पुढे बाहेर आली. घरी गॅसचा सिलेंडर आला होता, भरलेली टाकी साधारण तीस किलोची, आणि ती बाबांनी उचलून आत नेली. साठीच्या जवळ आलेले बाबा. हा दारात नुसता उभा. "ज्यांच्यासमोर शंभर किलो उचलल्याचे व्हिडिओ दाखवायचो ना ताई…" इथे त्याला रडू आलं. पाठदुखीच्या मागे ही लाज किती जणांच्या मनात बसलेली असते, विशेषतः मुलांच्या, आणि त्याबद्दल त्यांना घरात कोणी विचारतच नाही. माझ्या मते व्यायामाआधी हे बोलून होणं जास्त गरजेचं असतं.

भीतीचं काय होतं, तर घरात चोरी होऊन गेल्यावर माणसं भांडं पडलं तरी दचकतात, तसं शरीराचं होतं, धोका संपलेला असतो पण पहारा चालूच. मग तो वाकताना श्वास रोखायचा, पोट-पाठ घट्ट आवळायचा, त्यानेच पाठ आखडायची, आणि हा म्हणायचा बघा अजून दुखतंय.

व्यायाम ठरवणं माझं काम नाही, ते फिजिओचं, त्यांच्याशी बोलूनच आम्ही एक यादी केली, सगळ्यात कमी भीतीपासून जास्तीकडे. खाली पडलेला टॉवेल, मग लेस, अर्धी बादली, पूर्ण बादली, जिमचा वीस किलोचा नुसता बार, आणि शेवटी सिलेंडर. डेडलिफ्ट नाही, सिलेंडर, हे त्यानेच ठरवलं. प्रत्येक वेळी आधी लिहायचं की दहापैकी किती दुखेल, आणि नंतर लिहायचं किती दुखलं. टॉवेलला आठ लिहिलं होतं, निघालं एक. उचलताना श्वास सोडायचा, एवढीच सूचना. पट्टाही हळूहळू सुटला.

मध्ये एकदा गाडी खड्ड्यातून आपटली आणि पाठ परत धरली, लगेच मेसेज, "सगळं संपलं". काही संपलेलं नव्हतं. असं मध्येमध्ये होतंच, बरं होणं सरळ रेषेत नसतं. आम्ही यादीत दोन पायऱ्या खाली आलो, चालणं चालू ठेवलं, आठवड्याभरात तो परत बादलीवर. नंतरचा नियमही फिजिओनेच घालून दिला, थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी शांत झालं तर पुढे जायचं, वाढत राहिलं तर वजन कमी करायचं.

एक गोष्ट मात्र भीती म्हणून सोडून देऊ नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काही झालं तर समुपदेशन वगैरे बाजूला, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन कारण नसताना उतरत असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा.

तो आता आठवड्यातून दोनदा जिमला जातो, साठ किलोवर आहे, आणि पुढे वाढवायची घाई नाही म्हणतो. सिलेंडर तोच आत नेतो, बाबा मागून "अरे हळू" म्हणत असतात.