रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग मी चक्कर येऊन पडले कशी?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३६. मागच्या महिन्यात एका कार्यक्रमाला गेले होते, हॉल खच्चून भरलेला, बसायला जागा नाही म्हणून तासभर तरी उभी होते. मग एकदम गरम व्हायला लागलं, मळमळलं, कानात गुंई असा आवाज, समोरचं सगळं पांढुरकं दिसायला लागलं. वाटलं बाहेर जावं, पण एवढ्या लोकांमधून कसं निघायचं म्हणून तशीच थांबले आणि पुढचं काहीच आठवत नाही. डोळे उघडले तर दोघातिघांनी मला खुर्चीत धरून बसवलेलं. कुणीतरी म्हणालं हिचे हात झटके देत होते, फिट आलीय. हॉस्पिटलमध्ये ईसीजी, शुगर, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल, चार तास ठेवलं आणि 'काही नाही, वासोव्हेगल आहे' म्हणून घरी पाठवलं. काही नाही तर मी पडले कशी? आई म्हणते मेंदूचा एमआरआय करून घे, नवरा एकटीला बाहेर सोडत नाही, आणि खरं सांगायचं तर आता गर्दीत जायचं म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

उत्तर : ताई, ते 'काही नाही' ऐकून तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबरच आहे. डॉक्टरांना म्हणायचं असतं की जिवाला धोका होईल असं काही सापडलं नाही, पण दमलेल्या पेशंटला ते 'तुला उगाचच वाटतंय' असं ऐकू येतं. तुम्हाला उगाच वाटलेलं नाही, तुमचं बीपी खरोखर खाली आलं होतं.

झालं काय ते सांगते. आपण नुसतं उभं राहिलो तरी साधारण अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. चालत असलो की पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात, पण एका जागी ताटकळलं की ते काम थांबतं, आणि उकाड्याने रक्तवाहिन्या आणखी सैल पडतात. एरवी अशा वेळी शरीर नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि सांभाळून घेतं. वासोव्हेगलमध्ये, म्हणजे अशा चक्कर येऊन शुद्ध जाण्यात, नेमकं उलटं होतं, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या ढिल्या होतात आणि बीपी धाडकन उतरतं. मेंदूला ६ ते ८ सेकंद रक्त मिळालं नाही तरी शुद्ध जाते. मग माणूस आडवा पडतो, डोकं आणि हृदय एका पातळीत येतं, रक्त पोचतं आणि एखाद्या मिनिटाच्या आत तो डोळे उघडतो. म्हणजे आडवं होणं हाच यावरचा इलाज आहे, आणि नेमका तोच तुम्हाला मिळाला नाही, कारण लोकांनी प्रेमाने उचलून खुर्चीत बसवलं. बेशुद्ध माणसाला असं सरळ धरून ठेवलं की मेंदूला रक्त पोचायला आणखी उशीर होतो, आणि मग हातापायांना झटके येऊ शकतात. बघणाऱ्याला ती फिटच वाटते.

फिट आणि ही बेशुद्धी यातला फरक बहुतेक वेळा मशीनपेक्षा बघणाऱ्याच्या सांगण्यातून कळतो. चक्कर येऊन पडल्यावरचे झटके काही सेकंदांचे असतात, आणि जाग आल्यावर माणूस लगेच ओळखतो की आपण कुठे आहोत, अशक्तपणा मात्र दिवसभर राहू शकतो. मोठ्या फिटमध्ये झटके बऱ्याचदा मिनिटभर किंवा जास्त चालतात, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. (कपड्यात लघवी होणं दोन्हीत होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका.) तुम्ही लिहिलेलं ते गरम होणं, मळमळ, कानातला आवाज, पांढुरकं दिसणं, या चार गोष्टी मला एमआरआयपेक्षा जास्त सांगतात. डोक्याला मार नाही, हातापायात कमजोरी नाही, बोलणं अडखळत नाही, तर फक्त आईच्या समाधानासाठी एमआरआय करू नका. त्याऐवजी एक साधी तपासणी राहिली असेल तर करून घ्या. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्यायचं, मग उभं राहून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा घ्यायचं, आणि वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो.

आता घाबरायचं कधी तेही स्पष्ट सांगते, कारण प्रत्येक चक्कर तुमच्यासारखी नसते. धावताना, जिने चढताना, म्हणजे श्रम चालू असताना शुद्ध गेली, झोपलेलं असताना गेली, कसलीही चाहूल न लागता गेली, आधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं आहे, किंवा हृदयाचा आजार आधीपासून आहे, यातलं एकही असेल तर 'ईसीजी नॉर्मल आला' म्हणून घरी बसू नका. एकोची (हृदयाची सोनोग्राफी), २४ तासांच्या होल्टरची (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं मशीन) गरज आहे का ते हृदयाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, 'एवढ्या लोकांमधून कसं निघायचं म्हणून तशीच थांबले'. पडणारे किती जण अगदी हेच सांगतात! चाहूल लागलेली असते, हातात थोडा वेळ असतो, आणि तो वेळ संकोचात जातो. पुढच्या वेळी गरम वाटायला लागलं की जिथे असाल तिथे सरळ जमिनीवर आडव्या व्हा, पाय उंच करा, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका. अगदीच जागा नसेल तर उकिडवं बसा. तेही जमत नसेल तर पायावर पाय घालून मांड्या, नितंब, पोट घट्ट आवळा, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात बाहेर ओढा, याने बीपी खरंच वर चढतं आणि निदान खाली बसेपर्यंत वेळ मिळतो. बरं वाटल्यावर टुणकन उठू नका, दहा मिनिटं तरी पडून राहा. दिवसभर पाणी पित राहा, उपाशीपोटी जास्त वेळ उभ्या राहू नका. गाडी चालवत असाल तर पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांनी एवढं शिकावं की ही पडली तर उचलायचं नाही, आडवं ठेवून पाय वर करायचे, शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही, आणि श्वास नीट चालू आहे ना ते बघायचं. श्वास नीट नसेल तर ती चक्कर नव्हे, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवून छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. रात्री लघवीला उठले आणि बाथरूममध्ये पडले, कपाळाला टेंगूळ आलं. म्हणतात मी ठीक आहे, डॉक्टर नको. काय करू?

उत्तर : आजच घेऊन जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वाट बघायचीच नाही, कारण डोक्यातला रक्तस्राव सुरुवातीला गप्प असू शकतो. या वयात पडण्याला नुसती चक्कर म्हणून सोडता येत नाही, ईसीजी हवाच. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, कारण बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या मिळून उभं राहिल्यावर बीपी जास्त पाडतात, पण स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. तोपर्यंत रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, दिवा लावायचा, मगच उभं राहायचं, आणि लघवी बसूनच करायची. बाथरूमला आतून कडी नको.