आमदारांनी लेखी प्रश्न टाकला तर खरंच काही हलतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्यातल्या कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा समूह शाळेत (आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून केलेली एक मोठी शाळा) विलीन होणार अशी कुणकुण लागली आहे, आमदार म्हणतात "अधिवेशनात लेखी प्रश्न टाकतो", तर त्याने काही होतं का, की ही नुसती बोळवण? मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. खातं शिक्षणाचं नव्हतं, पण प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात बरीच अधिवेशनं गेली. म्हणून उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

एका प्रश्नाने शाळा वाचत नाही. मात्र नीट लिहिलेल्या प्रश्नामुळे सरकारला कागदावर काहीतरी कबूल करावं लागतं आणि पुढचं भांडण त्या कागदाच्या आधाराने भांडता येतं. गबाळा प्रश्न असेल तर उलटंच होतं, सरकारच्याच हातात सोयीचा कागद पडतो.

तारांकित प्रश्नावर सभागृहात मंत्र्यांना उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. पण तारांकितच्या यादीतले वरचे थोडेच प्रश्न त्या तासाभरात पुकारले जातात. बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली, असं धरून चालतात. म्हणजे तारांकित असला तरी बहुतेक वेळा तुमच्या हातात लेखी उत्तरच येणार. त्यामुळे तारा लागला की नाही याचा फार घोर लावून घेऊ नका, मजकुराकडे बघा.

आता आमच्याकडे काय चालायचं ते सांगतो. एलएक्यू, म्हणजे विधानसभेतला प्रश्न, आला की कार्यासनात धावपळ सुरू. वर लाल अक्षरांत 'विधानसभा प्रश्न, अत्यंत तातडीचे' असं पत्र आयुक्तालयाला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. तालुक्यातला कारकून दुपारी फोन घेतो आणि संध्याकाळी माहिती पाठवतो. नसेल तर 'निरंक'. ती सगळी बेरीज होऊन वर येते, उत्तराचा मसुदा होतो, सोबत मंत्र्यांसाठी पूरक टिपणी जोडली जाते आणि फाईल अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांकडे जाते. या साखळीत प्रत्येकाचा प्रयत्न एकच असतो, विचारलं तेवढंच सांगायचं. त्यात लबाडी असतेच असं नाही. चुकीची माहिती गेली तर हक्कभंगाचं लचांड मागे लागतं, म्हणून माणूस जपूनच लिहितो.

तुमच्या आमदारांच्या कार्यालयातून बहुधा असा मसुदा जाईल: "(१) अमुक तालुक्यातील कमी पटसंख्येच्या शाळा बंद करण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे गोरगरीब विद्यार्थी शिक्षणापासून वंचित राहणार आहेत, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

याचं उत्तर मी झोपेतही लिहीन. "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." आणि ते खोटंही नसेल! कारण 'बंद करण्याचा निर्णय' असा कागद नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते, नंदुरबारमधल्या तोरणमाळचा आणि पुण्याजवळच्या पानशेतचा दाखला देऊन. प्रस्ताव मागवणं म्हणजे निर्णय नव्हे. तुमचा पहिलाच भाग 'नाही'ने उडाला की 'असल्यास'ला लोंबकळणारे बाकीचे सगळे खाली पडतात.

म्हणून पहिला भाग असा हवा की त्याला 'होय'शिवाय उत्तरच नसेल: आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, हे खरे आहे काय. त्यानंतर 'असल्यास' न लावता स्वतंत्र विचारा. अमुक तालुक्यातून कोणत्या शाळांचे प्रस्ताव आले, शाळानिहाय यू-डायसप्रमाणे (शाळांची सरकारी माहिती-नोंद) पट किती, प्रत्येक वस्तीपासून प्रस्तावित शाळेचं अंतर किती, मुलांच्या वाहतुकीसाठी चालू आर्थिक वर्षात किती तरतूद आहे आणि ती कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खर्चाच्या सदराखाली. अंतराचा भाग अजिबात सोडू नका. शिक्षण हक्काच्या राज्याच्या स्वतःच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर धरलेले आहेत. उत्तरात चार किलोमीटर आले की नियमाच्या उलट कबुली तुमच्या हातात. लेखाशीर्ष विचारलं की आमच्याकडे खरी पळापळ व्हायची, कारण तिथे 'शासन सकारात्मक आहे' असं लिहिता येत नाही. पैसे ठेवलेत किंवा ठेवलेले नाहीत, एवढंच.

'गोरगरीब', 'वंचित', 'अन्यायकारक' हे शब्द काढून टाका. प्रश्नात मत किंवा युक्तिवाद असला तर तो नियमांतच बसत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असलं तरी अडचण येते, तेव्हा गावातून कोणी आधीच कोर्टात गेलं असेल तर आमदारांना तसं सांगून ठेवा. जमलं तर शेजारच्या तालुक्यांतल्या आमदारांचीही नावं त्याच प्रश्नावर घ्या. एकाच प्रश्नाखाली दहा-पंधरा नावं असणं ही रोजची गोष्ट आहे. त्यात सत्ताधारी बाकांवरचं एखादं नाव असलं तर टिपणी जरा जास्त काळजीने वाचली जाते, हा माझा अनुभव.

उशिराबद्दल मात्र मनाची तयारी ठेवा. अतारांकितचं उत्तर येईपर्यंत कधी पुढचं अधिवेशन उजाडतं. 'माहिती घेण्याचे काम सुरू आहे' असंही येईल. मंत्र्यांनी 'करू', 'तपासू' असं म्हटलं असेल तर त्याची नोंद आश्वासन म्हणून होऊ शकते आणि विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आमदारांना एवढंच सांगा की समितीकडे लक्ष ठेवा. बरेच जण उत्तराची बातमी छापून आली की विसरून जातात.

काही प्रश्न वेगळ्याच हेतूने टाकले जातात हेही खरं. अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला जरा हलवायचं आणि मग शांत बसायचं. दिल्लीत २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना घरी जावं लागलं होतं. तुमच्या आमदारांच्या मनात काय आहे ते मी कसं सांगणार? मसुदा तुम्हीच लिहून द्या आणि स्वीकृत झाला की प्रश्नाचा क्रमांक मागून घ्या. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजा.

उत्तर सभागृहात आलं की माहिती अधिकारात अर्ज टाका, पण उत्तराची प्रत मागू नका, ती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. अमुक क्रमांकाच्या प्रश्नासाठी तालुक्याने आणि जिल्ह्याने पाठवलेली मूळ माहिती मागा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रात नऊ शाळा आणि छापील उत्तरात पाच, असं काही सापडलं तर पुढचा प्रश्न तयार आहे. वकिलाकडे जायचं झालं तर हीच दोन पानं सोबत न्या.