पाटीवरचा 'स्ट्रेइक' आणि आपला संप

एका वाचकाने विचारले आहे: हवामान बदलाविरुद्ध आंदोलन करणारी स्वीडिश शाळकरी मुलगी ग्रेटा थुनबर्ग 2018 च्या ऑगस्टमध्ये स्वीडिश संसदेबाहेर जी पाटी घेऊन बसली, तिच्यावर 'स्कूलस्ट्रेइक' असा शब्द होता. हा इंग्रजीतला 'स्ट्राइक'च का? मग स्पेलिंग वेगळे कसे? आणि संपासाठी सगळ्या युरोपने हाच शब्द घेतला का?

होय, शब्द तोच. स्पेलिंग चुकलेले मात्र नाही. स्वीडिश लोकांनी शब्द ऐकला आणि आपल्या कानाला जसा लागला तसा आपल्या पद्धतीने लिहिला. पुढे त्याला स्वीडिश प्रत्यय लागले, क्रियापद तयार झाले, आणि आता चालता चालता बंद पडलेली गाडीसुद्धा तिथे 'स्ट्रेइक' करते. यंत्रासाठी वापरण्याइतका शब्द अंगवळणी पडला, की त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नाही.

इंग्रजीत हा शब्द समुद्रावरून आला. 1768 मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंड बंदरातल्या खलाशांनी आपली गाऱ्हाणी जाहीरपणे वाचून दाखवली आणि मग जहाजांवर चढून शिडांच्या आडव्या काठ्या खाली उतरवल्या, म्हणजे जहाजे हलायलाच नकोत. शीड उतरवणे याला खलाशी 'स्ट्राइक' म्हणत. 'मारणे' या रोजच्या अर्थाचा इथे संबंध नाही. त्याच वर्षी लंडनच्या खलाशांनीही हेच केले, आणि थोड्याच काळात जमिनीवरचे कारागीरही काम थांबवण्याला हाच शब्द वापरू लागले.

आता जर्मन भाषेकडे या, कारण मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट तिथे सापडते. जर्मनमध्ये 'श्ट्राइशेन' असे जुने क्रियापद आहे. ते इंग्रजी 'स्ट्राइक'चे सख्खे भावंड, दोघे एकाच मूळ जर्मानिक धातूचे. शीड उतरवण्यालाही जर्मन खलाशी हेच क्रियापद वापरत आले. म्हणजे माल घरात होता. तरीही एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतला संप म्हणून जर्मनांनी इंग्रजी शब्द आणला, आधी इंग्रजीसारखाच लिहिला आणि शतक सरता सरता 'श्ट्राइक' असा जर्मन वळणाने लिहायला लागले. मग घरच्या क्रियापदाचे काय झाले? 'शिडे उतरवणे' हा जर्मन वाक्प्रचार आजही जिवंत आहे, पण त्याचा अर्थ हार मानणे. शीड उतरवण्याची कृती तीच. एका किनाऱ्यावर तिचा अर्थ लढा झाला आणि दुसऱ्यावर शरणागती. अशा अर्थाचा शब्द घेऊन कामगार मालकासमोर कसे उभे राहणार होते? उसना शब्द रुजण्यात याचाही हात असावा, असे मला वाटते.

नॉर्वेजियन, डॅनिश, एस्टोनियन, लिथुआनियन, हंगेरियन, क्रोएशियन, पोलिश अशा कितीतरी भाषांत हाच शब्द थोड्याफार फरकाने आहे. पोलिश 'स्त्राइक' तर 1980 च्या ऑगस्टमध्ये जगभर पोहोचला. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या लेनिन जहाज कारखान्यात संप झाला आणि कामगारांनी 21 मागण्या लाकडी फळ्यांवर रंगवून फाटकावर लावल्या. खलाशांचा शब्द पुन्हा जहाजांपाशी आला. संपफोड्याला पोलिशमध्ये 'वामिस्त्राइक' म्हणतात, आणि त्याची फोड अगदी आपल्या शब्दासारखीच होते: संप मोडणारा.

पण सगळ्यांनी नाही घेतला. स्लोव्हाकमध्ये 'श्त्राइक', तर शेजारच्या, जवळजवळ जुळ्या चेकमध्ये 'स्तावका'. फ्रेंच 'ग्रेव्ह' म्हणजे नदीकाठची वाळू. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता आणि मजूर काम मिळेल या आशेने तिथे उभे राहत. कामाची वाट पाहणाऱ्यांच्या जागेचे नाव काम नाकारणाऱ्यांच्या लढ्याला मिळाले. स्पॅनिश 'उएल्गा' ज्या क्रियापदातून आला त्याचा अर्थ विसावणे, आणि त्याच शब्दाचे अंदालुसियन (दक्षिण स्पेनमधल्या) उच्चाराचे रूप 'हुएर्गा' म्हणजे धमाल, मौजमजा. रशियनने संपाला आपला शब्द केला, तो इटालियन 'बास्ता'वरून, म्हणजे 'पुरे झाले'. मात्र संपफोड्यासाठी तिने जर्मन 'श्ट्राइकब्रेखर' जसाच्या तसा उचलला. त्यामुळे इंग्रजी शब्द रशियात पोहोचला खरा, पण फक्त फितुराच्या नावात.

आपण 'संप' म्हणतो. त्याचा 'संपणे'शी संबंध असावा असे अनेकांना वाटते, पण गुजरातीत पाहा: तिथे संप म्हणजे एकोपा. 'संप त्यां जंप', एकी तिथे शांती, अशी म्हणच आहे. आपल्याकडे एक होणे हे काम थांबवण्यासाठी एक होणे झाले, आणि 1982 च्या गिरणी संपापर्यंत मूळ अर्थ आपण विसरलोही होतो. म्हणून त्या वाचकाला माझी विनंती: स्वीडिश पाटीचे मराठी करायचे असेल तर बिनदिक्कत 'शाळासंप' लिहा. पाटी धरून ग्रेटा एकटीच बसली होती, तरी शब्द एकोप्याचाच आहे.