आधी तुझं ताट

प्रिय पोरी,

परवा कापूस वेचणीला जाता जाता तू विचारलंस, "लेकराच्या आधी आपण जेवलं तं बरं दिसते का, मावशी?" उत्तर ऐकायला थांबली नाहीस, बायांचा ऑटो निघाला होता. म्हणून लिहिते आहे. हो, बरं दिसते. आणि कोणाला नसेल दिसत, तरी आधी तूच जेवायचं.

तुझं जेवण कसं होतं ते मला सांगायची गरज नाही. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी धुऱ्यावर बसून ठेच्याशी अर्धी भाकर, तीही घाईत, कारण मजुरी किलोवर आहे. रात्री सगळ्यांचं झाल्यावर गंजात उरेल ते. आणि मग म्हणतेस चक्कर येते, दूध कमी झालं, मोठ्या पोरीवर हात उठतो, नंतर तिला झोपलेली पाहून रडू येतं. तू वाईट माय आहेस का, असं तुला वाटतं ना? पोरी, तू उपाशी आहेस. आधी पोट भर, मग स्वतःला काय म्हणायचं ते म्हण.

अंगावर पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा साधारण 500 कॅलरी जास्तीच्या लागतात. आपल्या हिशेबानं दीड-दोन भाकरी आणि वर वाटीभर तुरीचं वरण. तू नेहमीचंच पुरतं खात नाहीस. तरी दूध येत राहतं, कारण शरीर तुझ्यातलं काढून लेकराला देतं. लेकरू बाळसं धरतं आणि माय आतून रिती होत जाते. दूध कमी वाटतंय, त्याला दिवसभर लेकरू दूर असणं हेही कारण आहे. जितकं ओढेल तितकं येतं. वावरातून आल्याबरोबर, रात्री, पहाटे, मागेल तेव्हा घे. सात महिन्यांचं झालंय, दिवसातून दोन-तीनदा घट्ट वरण-भात कुस्करून तेलाची धार टाकून द्यायला सासूबाईंना सांग. नुसतं वरणाचं पाणी नको, त्यात काही नसतं. ते लेकराचं झालं. तुझं ताट त्याच्या आधी.

मी अंगणवाडीत होते तेव्हा दर महिन्याला लेकरांची वजनं घ्यायची. कार्डावर ठिपका द्यायचा, रेघ वर चढली की माय खूश, आम्ही खूश. आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यातही येते. चांगलंच आहे, त्यानं लेकरं वाचली. पण मायच्या वजनाची रेघ कोण काढतं? लेकराला घेऊन आलेल्या बाईला मी हटकून विचारायची, आज काय खाल्लं. बहुतेक जणी खाली पाहायच्या. मायच्या नावाचं पोषण आहाराचं पाकीट घरात गेलं की त्याचे लाडू दिराला, पोरांना, आल्या-गेल्याला. तुझंही तसंच झालं असणार.

"अंगावर काढणं" ही आपल्याकडे मोठी शहाणपणाची गोष्ट समजतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या बाया तपासल्या, 1989 साली ते छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8. बाकीच्या अंगावर काढत होत्या. या बायांना कोणी सोसायला बसवलं नव्हतं, आपण शेवटी राहायचं हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. तुझ्याही मुरायला लागलंय, ते मला दिसतं. म्हणून राग येतो.

माझी आई शेवटी जेवायची. निंदणाला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग धुऱ्यावर बसून पाणी प्यायची आणि पुन्हा पात धरायची. तिचं रक्त कधी कोणी तपासलं नाही. मी नोकरीला लागले, गावभर बायांना सांगत फिरले, पण तिला ताटावर सोबत बसवू शकले नाही. "तुमचं होऊ दे" एवढंच म्हणायची. ती गेल्यावर मी ठरवलं आणि घरात सगळ्यांच्या आधी ताट घेतलं, सकाळी, चुलीजवळच. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, आमची सून आधी गिळते. नवराही दोन महिने धड बोलला नाही. मी ताट सोडलं नाही. आजही मला त्यात काडीचंही वावगं वाटत नाही. मी धडधाकट राहिले म्हणून दोन लेकरं शिकवली, त्याच सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. उपाशी राहून हे झालं नसतं.

तेव्हा पुन्हा मला "भूकच नाही लागत" म्हणू नकोस. रक्त कमी झालं की भूकही मरते. बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्या तुझ्या फळीवर पडल्या असतील, काळी संडास होते म्हणून सोडल्या ना? त्यानं काही बिघडत नाही. नर्सबाईंना विचारून सुरू कर. जेवणावर लिंबू पीळ, चहा तासभर तरी लांब ठेव. आणि एक गोष्ट आपल्या भागात विसरायची नाही, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात तो बऱ्याच घरांत निघतो, आणि त्यातला अशक्तपणा नुसत्या गोळ्यांनी जात नाही. तुझी आणि लेकरांची तपासणी झाली नसेल तर मागून घे.

रडू येतं त्याचंही लपवू नकोस. पोट भरून, झोप मिळूनही पंधरा दिवसांत हलकं वाटलं नाही, किंवा मनात जिवाचं काही यायला लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. 14416 ला फोन लाव, मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि माझ्या दाराशी ये, रात्र असो की दिवस.

उद्यापासून एवढंच कर. पहिली भाकर तव्यावरून उतरली की ती तुझी. वरण, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. उभ्यानं नाही, बसून. पोरगी बघेल, बघू दे. तिलाही उद्या कोणाची तरी माय व्हायचं आहे. सासूबाई बोलतील. त्यांनीही आयुष्यभर शेवटी खाल्लं आहे, म्हणून त्यांचंही ताट तुझ्यासोबतच वाढ. बघ काय म्हणतात. फारच झालं तर मी येऊन बोलते.

मंगळवारी नर्सबाई गावात आहेत. वेचणीचा एक खाडा पडेल, पडू दे. लेकराला मी धरते, तू आधी रक्त तपासून घे.

तुझी मावशी